लुकलुकणारा पिवळा दिवा : एका शिकाऊ ऑटोक्रॉस चालकाचं प्रकरण

या प्रकरणातली चालक माझी भाची आहे. वय २४. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती ब्रेकच्या विभागात काम करते. गाडी घसरायला लागली की कुठलं चाक किती धरायचं हे यंत्र कसं ठरवतं, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. भाऊबीजेला जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "मामा, मला ऑटोक्रॉस शिकव. कागदावर सगळं कळतं, पायाला काहीच कळत नाही."

मी स्वतः १९९०च्या दशकात मारुती ८०० आणि नंतर जिप्सीवर धुळीत शिकलो. त्या गाड्यांना ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं आवळू, म्हणजे फिरायची थांबू, न देणारं एबीएससुद्धा नव्हतं, घसरणाऱ्या गाडीला एकेक चाक धरून सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल तर दूरच. त्यामुळे माझं मत ठाम होतं : शिकायचं असेल तर बटण दाबून सगळी मदत बंद करायची आणि मग शिकायचं. तिचं मत याच्या नेमकं उलट होतं. पुढच्या सात रविवारांत आम्हा दोघांची मतं बदलली. ती कशामुळे बदलली ते नीट मांडायला हवं, कारण आज जे शिकायला येतात त्यांच्या हातात बहुतेक वेळा ही यंत्रणा असलेलीच गाडी असते आणि शिकवणारे मात्र माझ्या पिढीचे असतात.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी धावते, स्पर्धा घड्याळाशी. मैदानावर नारिंगी कोन मांडून वळणांचा मार्ग आखलेला असतो. कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. वेग फार नसतो, पण वळणं एकामागून एक येतात आणि चालकाला विचार करायला उसंत मिळत नाही. अमेरिकेत हा खेळ मोठ्या पार्किंगच्या डांबरावर खेळतात. आपल्याकडे तो बहुतेक वेळा माती-मुरमावर होतो. हा फरक साधा नाही, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

जागा आणि गाडी

तळेगावहून चाकणला जाताना इंदोरीच्या बाजूला माझ्या एका मित्राची चारेक एकर सपाट जमीन आहे. गोदाम बांधण्यासाठी त्याने तिच्यावर मुरूम टाकून रोलर फिरवून घेतला होता. एका कोपऱ्यात जुनी विहीर आहे, कठडा जेमतेम गुडघाभर. पहिल्या दिवशी मी मार्ग आखला तो विहिरीकडे पाठ करूनच. कुठल्याही वळणावर गाडी सुटली तरी ती मोकळ्या जागेकडे सुटेल आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला कुणीही उभं राहणार नाही, हे दोन नियम मी शेवटपर्यंत मोडू दिले नाहीत. धुळीसाठी पाण्याचा टँकर मागवला. ओला मुरूम आधी निसरडा होतो आणि तासाभराने छान पकड देतो, म्हणून टँकर पहाटेच येऊन जायचा.

मार्ग साधारण ४५० मीटरचा होता. सुरुवातीला १८ मीटर अंतराने सहा कोनांची नागमोडी, मग २० मीटर त्रिज्येचं एक लांबलचक उजवं वळण, पुढे डावीकडे जवळजवळ मागे फिरवणारं आवळ वळण, आणि शेवटी कोनांच्या चौकटीत थांबायचं.

गाडी तिची स्वतःची, पेट्रोलवरची लहान हॅचबॅक. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, गिअर हाताने बदलायचे, हँडब्रेकचा दांडा मधोमध. एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल आणि जोर दिल्यावर चाकं जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, तिन्ही होतं. तिचं बटण एकदा टिचकीसारखं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद व्हायचं, काही सेकंद दाबून धरलं तरच स्टॅबिलिटी कंट्रोल जायचं. एबीएस कशानेच बंद होत नाही. हे गाडीगणिक बदलतं. आपण सगळं बंद केलंय अशा समजुतीत अर्धी मदत चालू ठेवून शिकणारे मी बरेच पाहिले आहेत, म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका आधी वाचावी.

आणखी एक गोष्ट मी तिला आणि ताईला बसवून सांगितली. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे इथे काही मोडलं तर खर्च आपला. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, तेव्हा इथे शिकलेलं घाटात करून पाहायचं नाही. ताईने एकच विचारलं, "उलटणार तर नाही ना रे गाडी?" सपाट मुरमावर, या वेगात, अशा बुटक्या गाडीत ती शक्यता फार कमी, असं मी सांगितलं. तरी हेल्मेट, पट्टा आणि वर केलेल्या काचा हा नियम केला.

पहिला रविवार : सगळं बंद

माझ्या मताप्रमाणे सुरुवात झाली. बटण दाबून धरलं, डॅशवर 'ऑफ'चा पिवळा दिवा लागला आणि ती निघाली.

तिसऱ्या फेरीत लांब उजव्या वळणावर गाडीचं शेपूट सुटलं आणि गाडी अर्धी गिरकी घेऊन उलट्या तोंडाने थांबली. पाचव्या फेरीत पुन्हा तिथेच. आठव्या फेरीत पुन्हा. प्रत्येक वेळी मी धावत जाऊन विचारत होतो, "काय झालं?" आणि ती म्हणत होती, "माहीत नाही मामा. होतं, आणि मग नव्हतंच."

ते उत्तर अगदी खरं होतं. गाडी सुटून गिरकी पुरी व्हायला जेमतेम दीड-दोन सेकंद लागतात. नवख्या चालकाला तेवढ्यात नागमोडीनंतरचा गिअर, समोरचे कोन, स्टिअरिंग आणि पाय या सगळ्यांचं भान ठेवायचं असतं. आधी काय झालं आणि त्यामुळे काय झालं, हा क्रमच तिच्या हाती लागत नव्हता. मी जिप्सीवर शिकलो तेव्हा माझ्याकडे कित्येक महिने होते, रोज संध्याकाळी मोकळं माळरान होतं आणि गाडीचं इंजिन मंद होतं. ती सवड मी विसरलो होतो आणि फक्त 'मदत नव्हती' एवढंच लक्षात ठेवलं होतं.

दुपारपर्यंत ती प्रत्येक वळणाआधी इतकी हळू व्हायला लागली की गाडी घसरणंच थांबलं. हात स्टिअरिंगवर आवळलेले, नजर बॉनेटच्या टोकावर. सर्वोत्तम वेळ ५८ सेकंद. तिला गाडी कळली नव्हती, फक्त भीती कळली होती. हा दोष माझ्या शिकवण्याचा होता.

दुसरा आणि तिसरा रविवार : सगळं चालू

परत जाताना तळेगावला चहा घेताना तिने मला ऐकवलं. एबीएस १९७८ साली बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणलं, स्टॅबिलिटी कंट्रोल १९९५ मध्ये, तेही मर्सिडीजमध्येच. १९९७ साली स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत कोनांमधून झटकन डावं-उजवं करताना मर्सिडीजची ए-क्लास उलटली, आणि त्यानंतर कंपनीने त्या लहान गाडीतही ही यंत्रणा सर्रास दिली. "म्हणजे मामा, कोनांच्याच चाचणीमुळे ही यंत्रणा लहान गाड्यांत आली, आणि तू मला कोनांतच ती बंद करायला सांगतोस."

या युक्तिवादात दम होता. पुढचे दोन रविवार बटणाला हात लावायचा नाही असं ठरलं.

फरक पहिल्याच फेरीत दिसला. एकही गिरकी नाही. दुसऱ्या रविवारी ती ५४ सेकंदांवर आली, तिसऱ्या रविवारी ५१ वर. हात सैल झाले, नजर उचलली गेली, पुढचा कोन शोधायला लागली. भीती गेली की शिकणं सुरू होतं, हे मला तिथे स्वच्छ दिसलं. त्या दोन रविवारांनी जे दिलं ते मी पहिल्या रविवारी देऊ शकलो नव्हतो, हे मान्य करायलाच हवं.

दोन गोष्टी मात्र मला खटकत होत्या. आवळ डाव्या वळणातून बाहेर पडताना ती ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची आणि गाडी जागच्या जागी मेल्यासारखी व्हायची. मुरमावर पुढची चाकं थोडी फिरू दिली तरच ती वरचा भुसभुशीत थर उकरून खालची घट्ट जमीन पकडतात. ट्रॅक्शन कंट्रोलला ते चाक फिरणं म्हणजे चूक वाटते, म्हणून ते इंजिनाची ताकद कापतं. दुसरं, शेवटच्या चौकटीत ती दर वेळी पुढे निघून जायची. मोकळ्या मुरमावर आवळलेलं चाक स्वतःपुढे खडीचा छोटा बांध गोळा करतं आणि त्या बांधाला अडून गाडी थांबते. एबीएस चाक आवळू देत नाही, त्यामुळे बांध होत नाही आणि थांबायला जास्त अंतर लागतं. बदल्यात ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. रस्त्यावर हा सौदा फार मोलाचा आहे. इथे फक्त ब्रेक थोडा आधी लावायला शिकायचं होतं.

ती खूश होती. "जमलं मला," म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

चौथा रविवार आणि फोनमधलं चित्रण

चौथ्या रविवारी पुन्हा सगळं बंद केलं. दुसऱ्याच फेरीत, त्याच उजव्या वळणावर, तीच गिरकी.

५१ सेकंदांत फेरी मारणारी मुलगी एका बटणाने पुन्हा पहिल्या रविवारी जाऊन पोचली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हबकलो, कारण माझ्याकडे कारण नव्हतं.

कारण सापडलं ते तिच्याच सवयीमुळे. कारखान्यात कुठलीही चाचणी चित्रणाशिवाय करत नाहीत, म्हणून ती पहिल्यापासून डॅशकडे तोंड करून फोन लावत होती. त्या रात्री चिंचवडला ताईच्या घरी आम्ही तिसऱ्या रविवारच्या, म्हणजे यंत्रणा चालू असतानाच्या, फेऱ्या पुन्हा लावल्या. घसरणाऱ्या गाडीच्या खुणेचा जो पिवळा दिवा असतो तो यंत्रणा काम करत असताना लुकलुकतो. उजव्या वळणाच्या मध्यावर तो दिवा प्रत्येक फेरीत लुकलुकत होता. अकरा फेऱ्या, अकरा वेळा, त्याच जागी. गाडी चालवताना तिला तो एकदाही दिसला नव्हता.

मग तिने आवाज वाढवला. दिवा लुकलुकण्याच्या जरासं आधी इंजिनाचा आवाज खाली येत होता. म्हणजे वळणाच्या ऐन मध्यावर, गाडी बाहेर चाललीय असं वाटताक्षणी, तिचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचलला जात होता. तिला याचा पत्ताच नव्हता.

पुढे काय होतं ते ती स्वतःच बोलली, कारण हे तिचं रोजचं काम. पाय झटकन उचलला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर झुकतं, मागची चाकं हलकी होतात, त्यांची पकड सुटते आणि शेपूट बाहेर यायला लागतं. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर सांगतो चालकाला किती वळायचंय, मधल्या कन्सोलखाली असलेला सेन्सर सांगतो गाडी खरंच किती फिरतेय. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त झाला की यंत्रणा बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक, म्हणजे इथे डावं पुढचं, एकट्याने ब्रेक करून गाडी सरळ ओढते. नाक सरळ सुटत असेल तर ती बहुधा आतल्या बाजूचं मागचं चाक धरते. "ही ओळ मी प्रेझेंटेशनमध्ये किती वेळा दाखवली असेल," ती म्हणाली, "आणि अकरा वेळा ते माझ्यासाठीच झालं."

या प्रकरणाचा गाभा माझ्या दृष्टीने इथे आहे. पहिल्या रविवारची चूक दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी गेली नव्हती. ती तशीच चालू होती, फक्त कुणीतरी ती तिच्या नकळत निस्तरत होतं. वेळ सुधारली ती नागमोडीत, नजरेत, गिअरमध्ये. उजव्या वळणावर ती काहीच शिकली नव्हती, आणि घड्याळ ते सांगू शकत नव्हतं. दिवा सांगत होता.

फक्कीचं वर्तुळ

पाचव्या रविवारी मार्गच काढून टाकला. मधोमध खुंटी ठोकली, १५ मीटरची दोरी बांधली आणि कबड्डीच्या मैदानाला घालतात तशी फक्की टाकून वर्तुळ आखलं. यंत्रणा पूर्ण बंद. दुसरा गिअर, आणि रेषेवरून गोल फिरत राहायचं. ओल्या मुरमावर एवढ्या त्रिज्येला गाडी ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच सुटायला लागते. इथे सुटली तरी ती मोकळ्या मैदानात दोन-तीन मीटर घसरून थांबते.

मी शेजारी बसलो. एका वेळी एकच गोष्ट करायची असं ठरवलं. आधी पाय स्थिर ठेवून फक्त फिरणं. मग पाय कणभर वाढवणं : नाक रेषेबाहेर जायला लागतं, स्टिअरिंग आणखी वळवून काही होत नाही, उलट पकड आणखी जाते. मग पाय कणभर कमी करणं : नाक पुन्हा आत येतं. हे चांगलं घोटून झाल्यावर शेवटी पाय मुद्दाम झटकन उचलणं : शेपूट निघतं. ते निघतंय हे आधी कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. तेवढ्यात स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने सोडायचं आणि नजर जायचंय तिकडे ठेवायची.

पहिल्या सहा-सात वेळा गाडी फिरली. मग एकदा अर्धी फिरून सावरली. ती ओरडली, "मामा, कळलं! आधीच कळलं!" तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर तिला थांबवणं कठीण झालं. डावीकडून, उजवीकडून, दोन्ही बाजूंनी केलं, कारण उजव्या सीटवर बसून डावं वळण वेगळंच जाणवतं. अर्ध्या-पाऊण तासाने गरगरायला लागतं, तेव्हा थांबून टायर पाहायचे. पुढचे बाहेरचे खांदे झपाट्याने झिजतात, हवाही तपासावी लागते.

पाय उचलण्यात मुळात काही वाईट नाही, हेही इथेच सांगता आलं. आवळ वळणात नाक आत आणायला अनुभवी चालक मुद्दाम पाय हलका करतात. तिच्याकडून ते नकळत होत होतं, एवढाच प्रश्न होता.

सहाव्या रविवारी मार्ग पुन्हा मांडला आणि यंत्रणा चालू केली. या वेळी घड्याळ लावलंच नाही. काम एकच : उजव्या वळणावर दिवा लुकलुकला नाही पाहिजे. मी शेजारी बसून फक्त दिवा पाहत होतो आणि तो लागला की "लागला" एवढंच म्हणत होतो. सुरुवातीला दर फेरीत म्हणावं लागलं. दुपारी तीनेक फेऱ्या मी गप्प बसून काढल्या.

सातवा रविवार

दोन्ही प्रकारे फेऱ्या मारल्या. बंद असताना सर्वोत्तम ४९ सेकंद, चालू असताना ५०. उजव्या वळणावर दोन्हीकडे सारखीच, दिवा एकदाही नाही, गिरकीही नाही. तो एक सेकंद जात होता आवळ वळणातून बाहेर पडताना, ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापत असताना, आणि तिथे तिच्या पायाने करण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. तिच्या गाडीत टिचकीने फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं. स्टॅबिलिटी कंट्रोल चालू ठेवून तेवढंच बंद केलं, तर वेळ ४९ च्या अगदी जवळ आली. मुरमावर शिकणाऱ्याला आज मी हीच जोडणी सुचवीन, निदान पहिले काही महिने.

हे सगळं एका चालकाचं, एका गाडीचं आणि एका मैदानाचं आहे. ताकद मागच्या चाकांना असती तर झटकन पाय दाबूनही शेपूट सुटलं असतं आणि मी वर्तुळातसुद्धा यंत्रणा इतक्या लवकर बंद केली नसती. डांबरावर पकड जास्त, म्हणून गाडी सुटते तेव्हा वेगही जास्त असतो. तिथे बंद करण्याआधी खूप मोठी मोकळी जागा आणि शेजारी अनुभवी माणूस लागेल. स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली जुनी गाडी घेऊन कुणी शिकत असेल, तर त्याने थेट फक्कीच्या वर्तुळापासून सुरुवात करावी, मार्गापासून नको. मी पहिल्या रविवारी तिच्यावर लादलं ते नेमकं उलटं होतं.

रस्त्याबद्दल माझं मत या सात रविवारांनी जराही हललं नाही. पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना समोर अचानक काही आलं, तर तिथे फक्की नसते, मोकळं मैदान नसतं आणि दुसरी संधीही नसते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ती लागतेच. ताईच्या घरात पुढची गाडी घेताना आता हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जाईल, याची मला खात्री आहे.

भाचीला आता एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटार-क्रीडा क्लबांच्या महासंघाचं, स्पर्धा-परवानापत्र काढायचंय. आवळ वळणाचा तो शेवटचा सेकंद हँडब्रेकने कसा काढायचा, हे शिकायला ती पुन्हा येणार आहे, आणि टँकरवाल्याला मी सांगून ठेवलंय.

त्या सातव्या रविवारी निघताना ती फाटकापाशी थांबली. समोर चाकणकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग होती. तिने इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. 'ऑफ'चा दिवा विझला. तो विझलेला तिने बोट लावून मला दाखवला आणि मगच गाडी रस्त्यावर घेतली.